विमानाची टोपडी

चौकशी अधिकाऱ्याने खुंट्यांवरच्या टोप्या तिसऱ्यांदा मोजल्या. पाच खुंट्या, पाच लाल कापडी टोप्या.

विमान जमिनीवर उभं असलं की वेग मोजणाऱ्या नळ्यांवर त्या चढवायच्या, म्हणजे आत धूळ-किडे शिरत नाहीत. उड्डाणाआधी आठवणीने काढायच्या. एक जरी राहिली तरी वरती काटा खोटं बोलायला लागतो. त्या शिवायचं काम मावशींचं. विमानांची टोपडी शिवणारी आजी, अशी त्यांची सगळीकडे थट्टा चालायची.

अपघाताच्या दिवशी टोप्या काढल्या होत्या त्यांच्या एकुलत्या एका लेकाने. तो दाराशी खाली मान घालून उभा होता. पाचही काढल्या, पाचही टांगल्या, एवढाच त्याचा जबाब. त्यात फट सापडली असती, तर तुरुंग ठरलेला.

"ही एक जरा जास्तच लाल दिसते," अधिकारी म्हणाला.

"जुनी उसवली होती. महिन्याभरापूर्वी नवी शिवली," मावशी म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

विमान तळ्यात कोसळलं होतं. काटा चुकला होता, एवढं नोंदींवरून कळलं. नाकाकडचा भाग गाळात रुतला, तो काही वर निघाला नाही. टोप्या सगळ्या जागेवर, तेव्हा नळीत बर्फ धरलं असणार, नळी तापवायचं बटण दाबायला वैमानिक विसरला असणार, असं अहवालात आलं. चार दिवसांत लोकांच्या तोंडी 'असणार' गळून पडलं.

वैमानिकाची बायको सामान न्यायला आली, तेव्हा मावशींच्या खोलीत टेकली. तिच्या मुलाला शाळेत पोरं काय काय बोलतात, ते तिने सांगितलं.

"घरातला दिवासुद्धा कधी विसरून चालू ठेवला नाही हो त्यांनी, मावशी. पण मेलेलं माणूस उलट बोलत नाही ना. सोयीचं असतं."

मावशींनी तिला पाणी दिलं. "माणूसच आहे, विसरतं," त्या म्हणाल्या. तिने पेला तसाच खाली ठेवला.

वर्षभराने नियम आला. प्रत्येक टोपीवर दोऱ्याने आकडा भरायचा, वैमानिकाने स्वतः आकडे पाहून सही करायची. नियम त्याच अधिकाऱ्याने लिहिला होता, आणि जुन्या टोप्यांपासून सुरुवात करा म्हणून निरोपही त्याचाच होता.

मावशींनी चष्मा पुसला, पांढरा दोरा ओवला. एक, दोन, तीन, चार झाले. पाचवी हातात घेतली आणि सुई थांबली. खरी पाचवी तळ्याच्या गाळात, नळीवर होती तशीच होती. ही त्यांनी अपघाताची बातमी आली त्या दुपारी शिवली होती, लेक समोर बसून रडत असताना.