घरटी दोन हात

"भाऊजी, पापडांना तुमच्या घरचं कोण येतंय?" अंजनीने दारातूनच विचारलं.

हरिचंद्र खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला त्या प्रश्नाची किळस आली. बायकोला, मोतीबाईला जाऊन अजून सहा महिनेही झाले नव्हते आणि ही बाई पापडांचं विचारत होती. घरात होतं कोण यायला? मुलगा हरेश बदलापूरला. ओट्यावर उतू गेलेलं दूध वाळून पिवळं पडलं होतं, त्यावर माश्या बसल्या होत्या. कोणी येणार नाही, असं म्हणून त्याने चादर डोक्यावर ओढली.

अंजनी गेली आणि कौसाबाईला घेऊन आली. बुवापाड्यातल्या त्या गल्लीत कौसाबाई सगळ्यांत म्हातारी. ती सरळ आत शिरली, नाकाला पदर लावला आणि आधी खिडकी उघडली. मग तिने त्याला गल्लीची रीत सांगितली. उन्हाळ्यात रोज एका घरचे पापड होतात आणि दर घरातून एकजण हात लावायला येतो. वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे पापड करत नाहीत. बाकीची घरं आपल्यातले देतात. पण हात त्या घरातूनही यावे लागतात.

"मला पापड नकोत," हरिचंद्र म्हणाला.

"पापडाचं कोन विचारतंय तुला? मोतीबाईचं घर गल्लीतून काढायचं का, तेवढं सांग. तोंडानं सांग. म्हंजे पुन्हा हाक मारायला येनार नाय."

खरं तर उत्तर तयार होतं. खोली विकून तुझ्याकडेच येतो, असं तो हरेशला मागच्याच आठवड्यात बोलून बसला होता. 'काढा' म्हटलं की सुटला. पण मोतीबाईचं घर काढा, असं काही त्याला म्हणवेना. दोन्ही बायका वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी तो उठला, शर्ट चढवला आणि चरफडत त्यांच्यामागून निघाला. एक सकाळ देऊन टाकू, म्हणजे पीडा टळेल, असा त्याचा हिशेब.

कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर सकाळपासूनची टाळकी मोबाइलवर रमी खेळत बसली होती. मागची भिंत त्यांच्या थुंकीने तांबडी झाली होती. महेंद्र एमआयडीसीत त्याच्याच कंपनीत होता, त्याच्याबरोबरच निवृत्त झालेला. "काय हरिचंद्र, बायकांत भरती झालास काय?" त्याने मान वर न करताच विचारलं. बाकीचे हसले. हरिचंद्राला त्यांचीही शिसारी आली. सगळा शिमगा ह्यांच्यात बसूनच काढला होता त्याने. तेव्हा ती भिंत कधी दिसली नव्हती.

कौसाबाईच्या पडवीत आठ-दहा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. हिंगाचा, तेलाचा, घामाचा वास. कोणाचं तरी पोर नाक गळत पोळपाटांमधून रांगत होतं. हरिचंद्राला पाट्यासमोर बसवलं आणि वरवंटा हातात दिला. उडदाचं पीठ डांबरासारखं घट्ट. ते तेल लावून कुटत राहायचं, मऊ होईपर्यंत. आजवर हे काम मोतीबाई करायची, एवढं त्याला तिथे कळलं. घाम नाकावरून ओघळायला लागला तसं अंजनीने मागून येऊन, न विचारताच, त्याच्या कपाळाला फडकं बांधलं.

बायकांची तोंडं क्षणभर बंद नव्हती. कोणाची सून माहेरी गेली. उल्हासनगरच्या शेठने डाळीत जुना माल मिसळला. मग गाडी मोतीबाईवर आली. तिचा पापड कधी गोल झालाच नाही. लाटताना जीभ बाहेर काढायची, आणि शेवटी निघायचा तो कोंबडीच्या पायासारखा. एकीने तिच्यासारखी जीभ काढून दाखवली आणि साऱ्या जणी पोट धरून हसल्या.

हरिचंद्राचा हात थांबला. गेलेल्या माणसाची चेष्टा करायला ह्यांना जागा बरी सापडली. वरवंटा इथेच आपटायचा, काय ते सुनवायचं आणि चालू लागायचं, असं त्याने ठरवलं. तोंड उघडलंही.

"थांबू नको, घट्ट होतंय," कौसाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. ती पदराने डोळे पुसत होती.

तो पुन्हा कुटायला लागला. आता रागाने. खांदे भरून आले. पीठ हळूहळू नमलं, पांढुरकं झालं. कौसाबाईने चिमटीत धरून ताणून पाहिलं, त्याची लांब वळी केली आणि दोऱ्याने लाट्या कापल्या. पहिली लाटी तेलात बुडवून तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

"कुटनाऱ्याची पहिली," ती म्हणाली. "मोतीबाई दोन घ्यायची. एक इथं खायची, एक पदराला बांधायची. ह्यांना नेते म्हनायची. इतकी वर्सं, एकदा चुकली नाय."

बायका त्याच्याकडे बघायला लागल्या.

हरिचंद्राने घरात लाटी कधी पाहिली नव्हती. पदरावरचा तेलाचा डाग तेवढा दर उन्हाळ्यात दिसायचा, आणि त्यावरून तो तिला बोलायचाही.

"आणायची ना भाऊजी?" अंजनीने विचारलं.

त्याने अख्खी लाटी तोंडात टाकली. कच्चं पीठ दातांना चिकटलं, मिरी घशाला झोंबली. गिळायला बराच वेळ लागला.

"आणायची," तो म्हणाला. "रोज आणायची."