गार राहिलेला सेल

नवरा-बायकोची जोडी असल्याशिवाय मुकादम ऊसतोडीला घेत नाही, म्हणून पहिली बायको विमल वारल्यावर वर्ष सरायच्या आत अंगदनं करिष्माशी लग्न केलं.

फडावर रात्रीच्या उजेडासाठी त्यानं पाइपाच्या तुकड्यात हातातली बॅटरी बनवली. चार्जिंगचा एक सेल नवा, दुसरा विमलच्या बॅटरीतला. अशा जोडीत जुनाच सेल आधी खराब होतो, हे त्याला ठाऊक होतं. इथं मात्र नवा कितीदा बदलला तरी दर वेळी नवाच तापून पाझरायचा. विमलचा गारच.

“टाकून द्या की तो जुना,” करिष्मा म्हणाली.

त्यानं तो कालव्यात भिरकावला अन् कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, परतला. करिष्मा विमलच्या गोधडीवर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामानं साडी चिंब.

“आवं,” डोळे न उघडता ती पुटपुटली, “माझ्या शेजारी कोण निजलंय? लई गार लागतंय.”