थांबलेलं चित्र

"सर्व्हर रखडतोय ना? मग एखादं मशीन पॉज कर की! सगळीच कशाला चालू ठेवतेस?" ऑफिसातला सुधन्वा फोनवर म्हणाला.

ऋजुताने घरच्या लिनक्स सर्व्हरवर पाच व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे एकाच संगणकात चालणारे पाच आभासी संगणक, उभी केली होती. त्यांतलं एक पाळण्यावरचा कॅमेरा सांभाळायचं. तिने घाईत यादीतलं एक थांबवलं आणि सहावं उभं करण्यात बुडून गेली. मधूनच ती स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या चित्राकडे बघायची. आतल्या खोलीत बाळ झोपलेलं, मूठ गालाशी. गुणाचं गं माझं ते!

पण इतका वेळ त्याने कूसही बदलू नये? तिने यादी पुन्हा उघडून पाहिली. तिने थांबवलेलं मशीन कॅमेऱ्याचंच होतं. तिने ते पुन्हा चालू केलं. पाळणा रिकामा होता, आणि दुपट्याची नीट घडी घातलेली होती.

ती उठणार, तोच ओढणीला हिसका बसला. अजून रांगताही न येणारं बाळ तिच्या खुर्चीमागे फरशीवर बसलं होतं. घरात तर दोघंच होती! तिने त्याला छातीशी घट्ट धरलं. ते मात्र तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे बघत हसलं आणि हात हलवून टाटा करू लागलं.