आजी दाखव

सहावीतल्या रोशनीचा हिशेब सरळ होता. खोटं पचलं तर दहावीपर्यंत फी, गणवेश, पुस्तकं, सगळं फुकट. नाही पचलं तर आईबापामागून रोह्याच्या वीटभट्टीवर. घरात सांभाळणारं मोठं माणूस हवं, अशी शिष्यवृत्तीची अट होती. तिने शाळेत आजीचं नाव सांगितलं होतं. पण आजी नव्हतीच; आईबाप भट्टीवर गेले की खोपटात ती एकटीच राहायची.

मुंबईच्या देणगीदार बाई वाडीवर आल्या. "चल, आजी दाखव."

रोशनी खोपटाच्या दारातच अडून उभी राहिली. तेवढ्यात शेजारची म्हातारी धोंडी बाहेर आली. कोंबडीच्या भांडणावरून रोशनीच्या आईशी तिचा वर्षभर अबोला. आता ही सगळं सांगणार.

"हिच्या आजींना ओळखता का?" बाईंनी विचारलं.

धोंडीने पोरीकडे एकदा बघितलं.

"वळखतंय म्हंजे? मीच ना ती! काय गो, पावण्यांना पाणी द्यायचं शिकवला नाय व्हय तुला?"

बाई खूश होऊन गेल्या. दहावीपर्यंतची फी त्यांनी भरली. भट्टीच्या दर हंगामात रोशनीची भाकरी थापली, ती मात्र धोंडीने.