दोन सेकंदांची ओळ

पुराचा अंदाज सांगणारा आमचा प्रोग्राम एकाच वेळी चौसष्ट प्रोसेसरवर चालतो. गेल्या आठवड्यापासून तो मधूनच धरणाची पातळी चुकीची सांगायला लागला. चुका शोधणारा डीबगर लावून एकेक पायरी तपासली की मात्र उत्तर बरोबर यायचं, जणू साहेबांना पाहून सगळे सरळ वागायला लागले.

चौथ्या दिवशी मला आठवलं. वेग वाढवायला मी प्रोग्राममधली एक ओळ काढून टाकली होती: ‘इथे दोन सेकंद थांबा.’ कारण लिहिलेलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी तिला हसलेही होते. डीबगरही प्रोसेसरना तसंच थांबवत होता.

ओळ परत घालून गप्प बसता आलं असतं. पण ती लिहिणाऱ्या उपासनी सरांना मी फोन केला. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती.

“सर, तिथे का थांबवलंत?”

त्यांना ती ओळ लगेच आठवली.

“खरी चूक मला सापडलीच नव्हती गं. थांबवलं की उत्तर बरोबर यायचं. निरोपाच्या समारंभात सांगणार होतो, पण सगळे माझ्याबद्दल फार चांगलं बोलले.”

मग म्हणाले, “उद्या येऊ का? मोतीबिंदू काढलाय, आता नीट दिसतं.”