नववा अर्ज

“इथे ‘हो’वरच खूण कर, राजा,” व्हर्निता मावशी म्हणाली. “लपवलंस आणि त्यांना सापडलं, तर दुप्पट वाईट.”

‘आजवर कधी शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नापुढे डेरियसने ‘हो’च्या चौकोनात खूण केली. खाली कारणासाठी दोन ओळी होत्या. त्यात काय लिहायचं ते त्याला पाठ होतं. अठरा वर्षं पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते, तेव्हा तो मित्राच्या गाडीत बसला. गाडी चोरीची निघाली. मित्र पळाला आणि डेरियस बसून राहिला. आता तो चोवीस वर्षांचा होता. टोलेडो शहरात घर मागा नाहीतर नोकरी, आधी जुन्या गुन्ह्यांची पडताळणी व्हायची आणि दोन दिवसांनी नकार यायचा. बस डेपोने नाही म्हटलं, बेकरीच्या गोदामानेही. राहिलं गाड्या धुण्याचं काम. तिथला मालक काही विचारत नसे.

“वकीलबाईंचं पत्र आलं का गं?” त्याने विचारलं. जुनं प्रकरण कोर्टाकडून झाकून, म्हणजे नोंदीतून दिसेनासं करून घ्यायचा अर्ज त्या बाईंनी वर्षापूर्वी फुकट करून दिला होता.

“कुठलं पत्र! नुसत्या जाहिराती टाकून जातो मेला पोस्टमन. दे इकडे, माझा नंबर मी लिहिते. तुझे सात आणि एक सारखेच दिसतात.”

पाच वर्षांहून जास्त ओळखणारी एक व्यक्ती, हा रकाना प्रत्येक अर्जात असायचाच. आई गेल्यापासून त्याला वाढवलं ते मावशीने. आता तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. आठवड्यातून तीनदा तो तिला जवळजवळ उचलून जिन्याखाली नेई आणि डायलिसिसला सोडी.

“तू नसतास तर मी या खुर्चीतच वाळून गेले असते,” ती म्हणाली आणि अर्जाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

अर्ज ज्या भाड्याच्या घरासाठी होता ते त्याच्या मैत्रिणीने, जोएलने, पाहून ठेवलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीखाली लहान मुलांचे झोपाळे. तिला सातवा महिना होता. पाळणा कुठे बसेल ते तिने हात पसरून मोजलंसुद्धा होतं. सध्या ती बहिणीच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपत होती, आणि बहिणीने तीस तारखेपर्यंतच राहू देईन असं स्वच्छ सांगितलं होतं. मावशीच्या एका खोलीत तिघांची सोय होणं शक्य नव्हतं.

इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस पावलाकनी अर्ज नीट वाचला. “खरं लिहिलंत, बरं केलंत,” त्या म्हणाल्या. डेरियसला वाटलं, या वेळी होईल.

दोन दिवसांनी, गुरुवारी, त्यांचा फोन आला. तो तेव्हा एका लाल गाडीची चाकं घासत होता.

“पडताळणीनंतर तुमचा अर्ज मंजूर करता येत नाही.”

“ठीक आहे, मॅडम. थँक यू,” तो म्हणाला.

घरी आला तर स्वयंपाकघरात मासे तळल्याचा वास भरून राहिला होता आणि ओव्हनमध्ये पीचची गोड पाई होती. मावशीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“नाही म्हणाले ना? बस. खा आधी. त्यांची दारं बंद असली तरी हे दार उघडं आहे ना तुला?”

तो जेवला. त्याला फोनवर जोएलशी बोलावंसं वाटेना, पण तिनेच फोन केला.

“नऊ जण नाही म्हणाले आणि तू नऊही वेळा थँक यू म्हणून आलास! वा रे सभ्य माणसा!”

“मग काय भांडू?”

“अहवाल दाखवा म्हणायचं. तो तुझा हक्क आहे.”

“त्यात काय आहे ते मला माहीत नाही का? मीच होतो त्या गाडीत.”

“एकदाही वाचला नाहीस तू तो, डेरियस.”

हे खरं होतं. त्याच्यासारखी मुलं तो कागद मागत नसत. आपलीच लाज दुसऱ्याच्या हातातून घेऊन कशाला वाचायची?

“तुझ्यासाठी नको जाऊस,” ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “माझ्याकडे अकरा दिवस आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिसेस पावलाकसमोर उभा राहिला. “मॅडम, माझा अहवाल बघायला मिळेल का?”

त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. “बसा. मी तुम्हाला हेच विचारणार होते. तुम्ही अर्जात ‘हो’ का लिहिलंत?”

“म्हणजे?”

त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. नाव, जन्मतारीख, पत्ता. त्याखाली एकच ओळ होती: कोणतीही नोंद आढळली नाही.

“कोर्टाने ते प्रकरण झाकलेलं दिसतंय. आम्हाला काहीच दिसत नाही.”

डेरियसने ती ओळ तीनदा वाचली. मग तो हसला, मोठ्याने, आणि तोंडावर हात ठेवला. सहा वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. “म्हणजे घर... म्हणजे चूक झाली होती, मॅडम?”

मिसेस पावलाक हसल्या नाहीत. त्यांनी फाईल मिटली आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

“अहवाल आला तेव्हा मी किल्ल्या काढून ठेवल्या होत्या. मग रिवाजाप्रमाणे अर्जातल्या नंबरवर एक फोन केला. बाई रडत होत्या हो. म्हणाल्या, कागदावर येत नाही ते सांगते, तो माझ्यावर हात उगारतो. त्याला घर देऊ नका, त्या पोटुशा पोरीचं काय होईल?” त्यांनी डेरियसकडे पाहिलं. “तुमच्या मावशीच ना त्या?”