वाटीला चेहरा नसतो

दुपारी ऋजुतानं दार उघडलं, तर उंबऱ्यावर तिचीच वाटी होती, तीन वर्षांपूर्वी शेजारच्या केतकीकडे गेलेली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून आत गुळाचा खडा.

ऋजुतानं सवयीनं मनचष्म्यातून पाहिलं. समोरच्याच्या मनात काय आहे ते चष्मा चेहऱ्याखाली निळ्या अक्षरांत दाखवायचा. पण वाटीला कुठला चेहरा?

म्हणजे आता अंदाज बांधणं आलं. तो तिनं लहानपणी गोष्टी वाचताना काय बांधला असेल तेवढाच. राणी का रुसली असेल, राक्षस का रडला असेल. गूळ चघळत ती झोपाळ्यावर बसली आणि दुपार पाण्यासारखी हलू लागली.

तिचा नवरा निनाद गेला, तेव्हा केतकीनं तिला कवटाळलं होतं. चेहऱ्याखाली उमटलं होतं, 'हायसं वाटतंय'. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पण कुणासाठी हायसं, ते चष्म्यानं कुठं सांगितलं होतं? अकरा महिने निनाद दुखण्यानं तळमळत होता. त्याच्या उशाशी केतकीच तर बसायची. आणि सोडव रे बाबा याला, म्हणून देवाला हात कुणी जोडले होते? ऋजुतानंच.

चष्मा झोपाळ्यावर ठेवून, वाटीत मूठभर दाणे घालून ती शेजारी गेली. दार उघडताच केतकी बिचकली.

"अगं, चष्मा?"

"कशाला? वाटी द्यायला आलेय."

"ती तुझीच आहे ना?"

"असू दे. परत करायला मात्र तीन वर्षं लावू नकोस."